ज्याची त्याची पेठ

दत्तोबा,

कॉलेजच्या मासिकाला तुझ्यावर दोन पानं हवी होती, ती लिहून दिली. जन्म आटपाडीकडचा, शिक्षण साताऱ्याला आणि पुण्याला, गणिताची अध्यापकी सांगलीला, स्वभाव करारी, विद्यार्थ्यांवर जीव. तुला वाचून दाखवलं असतं तर तू चष्मा कपाळावर सारून विचारलं असतंस, ‘मुनशी, हे कुनाबद्दल लिव्हलंयस?’ संपादकाला मात्र पसंत पडलं. अगदी असंच पाहिजे होतं, म्हणाला.

हे दुसरं लिहितोय ते कुठं छापायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. इतकी वर्षं रोज भांडलो, आता एकदम थांबायचं म्हणजे जमत नाही. संध्याकाळी पाय आपोआप घाटाकडे वळतात आणि तिथं गेल्यावर लक्षात येतं की माझं बोलणं खोडून काढायला कुणी नाही. मी काहीही बोललो तरी आता ते बरोबरच ठरणार. याच्यासारखी वाईट गोष्ट नाही.

यादी गेली, हे तुला आधी सांगतो. काल टपालात टाकली. तिच्यात काय आहे आणि काय नाही, ते सांगायला हा कागद घेतला आहे.

तुला आठवतं ना, आपल्या गळ्यात ते काम कसं पडलं? नवं विद्यापीठ उभं राहतंय, त्याच्या हद्दीत येणाऱ्या कॉलेजांनी आपापल्या नामवंतांची नावं पाठवावीत, त्यांचा ग्रंथ निघणार. प्राचार्यांनी तुला आणि मला बोलावून घेतलं. आपण दोघं कुणाच्याच गोटात नव्हतो, त्यामुळे आपल्याला कुणी शिव्या घातल्या तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. एक गणितवाला, एक फारसीवाला. फारसीला तेव्हा वर्गात पोरांपेक्षा बाक जास्त असायचे, म्हणजे मला वेळही होता. मला वाटलं, जुनी दप्तरं काढू, चार संध्याकाळी बसू, मोकळे होऊ.

पण तू कुठला सरळ बसणार. ‘नाव दप्तरात घावत न्हाई, पेठंत घावतं,’ म्हणालास, आणि मला ओढत हळदीच्या पेठेत घेऊन गेलास. मल्लाप्पा आडत्याच्या दुकानात गादीवर बसायचं, चहा प्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, अमका माहीत आहे का? माहीत असला की तुझा दुसरा प्रश्न ठरलेला. मग त्यानं केलं काय? उत्तरात हुद्दा आला की नाव गेलं. काम आलं की नाव राहिलं.

त्या रावसाहेबांची गंमत तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. संस्थानात मोठी जागा, छापील कागदावर नावामागे पदव्यांची माळ, प्राचार्यांचा त्यांच्यासाठी फार आग्रह. सगळी पेठ त्यांना ओळखत होती. घोडा पांढरा होता, फेटा जरीचा होता, पानात वेलदोडा लागायचा. मग केलं काय? मल्लाप्पानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘केलं आसंल की काय तरी. न्हाईतर एवढं जाड झालं नसतं.’ तू तिथंच रेघ मारलीस. प्राचार्य तुझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत आणि तू त्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त खुशीत होतास.

आणि त्या डॉक्टरांचं नाव. आपल्याकडे इंटरपर्यंतच शिकलेले, पुढं जतकडे जाऊन राहिलेले. ग्रंथात असे अर्धे शिकलेले कशाला, असं मी म्हणत होतो. तू मला जतच्या बाजारात नेलंस. तिथं मेंढरांजवळ बसलेली एक म्हातारी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होती. प्लेगात त्या डॉक्टरनं शिव्या देऊन देऊन सगळ्यांना घराबाहेर माळावर काढलं, म्हणून आम्ही आज आहोत, एवढं मला समजलं. परतीच्या मोटारीत मीच वही काढून नाव लिहिलं.

एकदा मात्र मी तुला पकडलं होतं. माझ्या साताऱ्याच्या शास्त्रीबोवांचं नाव तू गुळाच्या बाजारात विचारलंस आणि कुणाला ठाऊक नाही म्हणून खोडायला निघालास. मी भर बाजारात तुझी वही धरली. शास्त्रीबोवांनी जन्मभर संस्कृताची व्याकरणं लावली, त्यांना गुळाचा आडत्या कशाला ओळखेल? तू पेन्सिल कानामागं खोचलीस. मग कबूल केलंस. ज्याचा माल त्याच्या पेठेत विचारायचा. साताऱ्याला पाठशाळेत जाऊन विचारलं आणि शास्त्रीबोवा राहिले. इतक्या वर्षांत तू माझं ऐकलंस अशी ती एकच वेळ, म्हणून जपून ठेवली आहे.

आणि तोच नियम घेऊन मी तुझ्यावर उलटलो, वसंताच्या वेळी.

तुझ्या वसंताचं नाव मी काढलं, तू नाही. तुला ते काढता येत नव्हतं, कारण समितीतल्या माणसानं आपल्या घरचं नाव काढायचं नाही हा नियमही तुझाच. पण मी तर बाहेरचा होतो ना? की नव्हतो? साताऱ्याला आपण दोघं एकाच शाळेत मास्तर होतो, किल्ल्याखाली एका घराच्या दोन खोल्यांत राहत होतो, तेव्हा तो झाला. माझ्या सायकलच्या दांडीवर बसून तो शाळेत जायचा. तू त्याला पाढे शिकवायचास आणि मी गोष्टी सांगायचो. पाढे त्याच्या लक्षात राहायचे, गोष्टी तो स्वतःच बदलून मला उलट सांगायचा. आपल्याच कॉलेजात बी.ए. झाला. लढाई सुरू होती, तुझ्या भावासारखा, चुलत्यांसारखा तोही फौजेत गेला, फक्त हा अंमलदार म्हणून गेला. ब्रह्मदेशाच्या वाटेवर गेला आणि मग तार आली. कामावर असताना मृत्यू, एवढंच तारेत होतं. बाकीचं गावानं भरलं. वसंता लढता लढता गेला, सगळ्यांत पुढं होता. वैनी ते धरून जगत होती.

यादीचं कळल्यावर तिनं तुला सांगितलं, पोराचं नाव घाला. तू नाही म्हणालास. का ते सांगितलं नाहीस. तेव्हापासून तिनं तुझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत जाऊन बसायची. मी यायचो तेव्हा तुम्ही दोघंही माझ्याशी बोलायचात, माझ्यामार्फत एकमेकांना निरोप द्यायचात. ते बघवत नव्हतं. म्हणून त्या संध्याकाळी घाटावर मी विषय काढला.

मी म्हणालो, ज्याचा माल त्याच्या पेठेत, हे तूच मान्य केलंस. शिपायाला हळदीच्या बाजारात काय विचारतोस? त्याच्या पेठेत विचार.

तू नदीकडे बघत म्हणालास, ‘त्याची पेठ कुठं हाय, सांग की. कुनाला इचारू?’

मी म्हणालो, त्याच्या पलटणीत विचारू, पत्र घालू, फौजेच्या कचेरीला विचारू.

कचेरीचं नाव काढल्याबरोबर तू उठलास. मी तुला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘पुन्यांदा त्या पोराचं नाव काढलंस तर तुझी माझी वळख न्हाई,’ म्हणालास आणि पायऱ्या चढून गेलास. मीही तुझ्यामागं आलो नाही. माझाही पारा चढला होता. मला वाटलं, नियमाचं वेड लागलंय याला. स्वतःच्या मेलेल्या पोरापेक्षा याला स्वतःचा ताठा मोठा वाटतो. दुसऱ्या दिवशी हे सगळं तुला तोंडावर सांगायचं ठरवून मी कॉलेजात गेलो आणि फाटकातच शिपाई म्हणाला, दत्तोबा मास्तर पहाटे गेले. छातीत कळ आली म्हणे. वैनी पाणी आणायला आत गेली होती, तेवढ्यात.

भांडण अर्धं टाकून जायची ही काय रीत झाली, दत्तोबा?

दहाव्याला मी घाटावर होतो. चपला लांब काढून, लोकांच्या मागं. पिंड मांडले आणि कावळा येईना. पिंपळावर बसले होते, एक सोडून पाच-सहा, पण एकही खाली उतरेना. तुझे थोरले बंधू पुढं झाले. पेन्शन घेतलेला सुभेदार माणूस. वैनीला सांभाळू, म्हणाले. शेताचं वैनीला विचारून करू, म्हणाले. कावळा जागचा हलेना. ऊन चढत होतं. मग ते वळले आणि लोकांतून वाट काढत माझ्यापाशी आले.

‘मुनशी, यादी तुमच्याकडं हाय. वसंताचं नाव घालतो म्हना. त्याचा जीव तितं आडकलाय.’

आमच्यात मेलेल्यासाठी दुआ मागतात, त्याला वचन देत नाहीत. पण सगळा घाट माझ्याकडे बघत होता. मी पुढं गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, वसंताचं नाव घालतो. आणि लगेच कावळा उतरला. बंधूंनी माझे दोन्ही हात धरले. झाडाखालची माणसं मला जागा द्यायला मागं सरली म्हणून तो उतरला असेल. तू असतास तर दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही, हे मला नक्की ऐकवलं असतंस. तरी माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

तेराव्याला वैनीनं मला आत बोलावलं. तुझा फोटो वसंताच्या फोटोशेजारी ठेवला होता. कावळ्याचं तिच्या कानावर आलं होतं. ती म्हणाली, ‘भावजी, पुस्तक आलं की मला आनून दावा. मला वाचाया येत न्हाई. तुमी सांगा कुठं हाय त्येचं नाव, मी तितं बोट ठेवीन.’ मग पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘ह्यांनी माझं ऐकलं न्हाई. आन तसंच गेलं. मी बी बोलले न्हाई त्यांच्यासंगं.’

मी घरी आलो आणि यादी काढली. नाव लिहिलं. शेजारी प्रत्येकाचं काम एका ओळीत लिहायचं होतं, आणि त्या ओळीला पुरावा जोडायचा होता. तिथं लेखणी अडली. काय लिहू? गाव म्हणत होतं ते लिहू? तुझ्याबरोबर इतक्या पेठा हिंडून मलाही सवय लागली होती. तू गेल्यावर तुझाच नियम पाळायची वेळ माझ्यावर आली, असं वाटून हसूही आलं आणि रडूही.

म्हणून बाजाराचा दिवस बघून सर्व्हिस मोटारीनं आटपाडीला गेलो. शिपायाची पेठ कुठं असेल तर तुमच्याच भागात, घराघरात फौजेतला माणूस. मेंढरांच्या बाजाराच्या कडेला लिंबाखाली रजेवरचे आणि पेन्शनीतले बसलेले होते. मी वसंताचं नाव घेतलं. पोरगं गुणाचं होतं, सगळे म्हणाले. मग केलं काय, म्हणून मी तुझ्यासारखंच विचारलं. सगळे एका हवालदाराकडे बघायला लागले. एक पाय लंगडा होता त्याचा. त्यानं मला बाजूला नेलं.

‘मास्तर बी हेच इचारत आलतं. ह्याच लिंबाखाली. मी तवा बोटीवर व्हतो वसंतरावांसंगं. पोरगं लढाईवर पोचलंच न्हाई वं. बोटीतच ताप भरला, उतरल्यावर इस्पितळात गेलं, तितंच संपलं. बंदूक उचलली न्हाई त्यांनी. मला मास्तर म्हनलं, आनखी कुनी हाय का बोटीवरचं, मला गाठ घालून दे. दोघं-तिघं व्हतं, समद्यांना भेटलं. समद्यांनी त्येच सांगितलं. मग मला म्हनलं, ह्ये घरात कळू दिऊ नगंस.’

मी तिथं लिंबाखाली बसलो. चहा पुढं आला, तो घेतला. बाजार उठेपर्यंत बसून होतो.

म्हणजे तू गेला होतास. मी तुला ताठा म्हणत होतो आणि तू एकेका माणसाला गाठून विचारत होतास की माझ्या पोरानं काही केलं का, काहीही. एखाद्यानं खोटं सांगितलं असतं तरी तू ते घेतलं असतंस, असं मला वाटतं. पण आटपाडीचे लोक, मास्तरांशी खोटं कसं बोलतील? आणि मग तू परत आलास, नाव घालायचं नाही म्हणालास, बायकोचं मुकं ताट पुढं घेऊन जेवलास आणि कुणाला काही सांगितलं नाहीस. मलासुद्धा नाही. यादीत नाव गेलं की विद्यापीठ फौजेच्या कचेरीला विचारणार, कचेरी ताप आणि इस्पितळ कळवणार, आणि ते कधीतरी वैनीच्या कानावर येणार. म्हणून घाटावर कचेरीचं नाव काढताच तू उठलास. मला हे समजायला तुला मरावं लागलं.

मला सांगायला काय झालं होतं तुला? या एका गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही. एकट्यानं काय म्हणून वागवलंस? मी काय फक्त शास्त्रीबोवांच्या व्याकरणावर भांडायला होतो?

मोटारीत मी सगळे हिशोब करून पाहिले. नाव घालावं आणि ओळ गोलमोल लिहावी, तर पुरावा मागणार. नाव गाळावं आणि वैनीला काही सांगू नये, तर तिच्या मनात तू हट्टानं गेलास हेच राहणार, आणि मी वचन मोडलं ते वेगळंच. खरं सांगावं, तर तिचा वसंता दुसऱ्यांदा जाणार. कुणाला तरी याची किंमत मोजावी लागणार होती. तुझं बरंच देणं माझ्याकडे बाकी होतं. साताऱ्यात मला विषमज्वर झाला तेव्हा माझं अंग पुसायला तू होतास, माझ्या घरचे पोचेपर्यंत.

सांगलीला उतरलो आणि तसाच तुझ्या घरी गेलो. वैनीनं चहा टाकला. मी कप हातात घेऊन सांगून टाकलं. वसंताचं नाव यादीत जाणार नाही. दत्तोबानं शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मी खोडलं. नियमात बसत नव्हतं.

मी शिव्यांची वाट बघत होतो.

‘म्हंजी त्यांनी लिव्हलं व्हतं?’

मी हो म्हणालो.

‘माझं ऐकलं व्हतं म्हना की त्यांनी.’

मी मान हलवली. ती तुझ्या फोटोकडे वळली. पाठमोरी होती, तरी तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. पदरानं तिनं फोटोची काच पुसली, पुन्हा पुसली. मला वाटलं, जमलं. आपण सुटलो दोघंही. मग ती वळली.

‘त्यो कागद द्या मला. त्यांच्या हातचं हाय. मी बोट ठेवीन.’

हे माझ्या हिशोबात नव्हतं. तुझं अक्षर मला काढता येत नाही, दत्तोबा, आणि आलं असतं तरी काढलं नसतं. मी म्हणालो, फाडला.

‘फाडला,’ ती म्हणाली. माझ्या कपात अर्धा चहा होता. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, ‘या, मुनशीसाहेब.’ इतकी वर्षं मी त्या घरात भावजी होतो.

यादीत तुझंही नाव नाही. समितीतल्या माणसाचं घालायचं नाही, तूच म्हणाला होतास, आणि आता बदलायला तू नाहीस. डॉक्टर आहेत, शास्त्रीबोवा आहेत. रावसाहेब नाहीत, काळजी करू नको.

वैनी आता पुष्कळ बोलते, असं ऐकतो. येईल त्याला सांगते की ह्यांनी पोराचं नाव लिव्हलं व्हतं, माझं ऐकलं व्हतं. पुढचंही सांगते. तुझे बंधू परवा रस्त्यात समोरून आले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मल्लाप्पाच्या दुकानावरून मी आज चाललो होतो, तर त्यानं हाक मारून थांबवलं. बस म्हणाला नाही.

‘मुनशी, त्या पोराचं नाव यादीतनं तुमीच काढलं म्हनत्यात. व्हय का वं?’

हळदीची पोती उतरवणारे सगळे थांबून ऐकत होते. मी व्हय म्हणालो. म्हणजे बघ, आता या पेठेत कुणालाही माझं नाव विचार. मग केलं काय, असा तुझा दुसरा प्रश्नही विचार. सगळ्यांना सांगता येतं.